गोठणवाडी निघाली त्याची कारणे

गोठणवाडीचे नाव पहिल्यांदा झाले ते २०१९ च्या पुरात, आणि ते काही चांगले झाले नाही. शिरोळ तालुक्यातले, कृष्णेच्या काठचे, एकशे चाळीस उंबऱ्यांचे हे गाव त्या ऑगस्टमध्ये चार दिवस छपरांवर आणि शाळेच्या गच्चीवर बसून होते. माणसे बोटीने निघाली. जनावरे निघाली नाहीत. दावणीला बांधलेली एकशे सहा जनावरे गेली. दुसऱ्यांदा नाव झाले ते २०२१ च्या जुलैत. त्या वेळी पाणी गावात शिरले तेव्हा गावात कोणी नव्हते. माणूस नाही, म्हैस नाही, कोंबडीसुद्धा नाही. मधल्या काळात कोल्हापुरातल्या एका संस्थेने तिथे पूर-साक्षरतेचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतले होते. तेव्हा हिशेब जुळवायला कोणाला वेळ लागला नाही. हवामान बदलले, गावाला ठेच लागली, संस्थेने शिकवले, म्हणून गाव शिकले.

हे वाक्य अपूर्वा उपाध्ये हिच्याकडे तपासायला आले ते २०२४ च्या मे महिन्यात. अपूर्वा कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे. संस्थेच्या प्रमुख संयोगिता सरनाईक यांना हेच प्रशिक्षण आणखी चाळीस गावांत न्यायचे होते आणि त्यासाठी त्रयस्थाकडून मूल्यमापन हवे होते. निष्कर्ष सगळ्यांना ठाऊकच आहे, तुम्ही तो फक्त आकड्यांत मांडा, असे त्या म्हणाल्या. त्या भल्या बाई होत्या. २०१९ साली स्वतः बोटीत बसून त्यांनी गोठणवाडीत पाण्याचे कॅन पोचवले होते. अपूर्वाला हवामान बदलत असल्याबद्दल शंका नव्हती, गावाला ठेच लागल्याबद्दलही नव्हती. तिला शंका होती ती त्या वाक्यातल्या ‘म्हणून’बद्दल. एकामागून एक घडलेल्या गोष्टी एकमेकींमुळे घडल्या असे मानण्याची माणसाची खोड जुनी आहे, आणि तिच्या अनुभवानुसार शिक्षणाने ती जात नाही. फक्त भाषा सुधारते.

जूनभर दर शनिवार-रविवारी ती एसटीने जयसिंगपूरला आणि तिथून वाटेत माणसे भरत जाणाऱ्या वडापच्या जीपने गोठणवाडीला गेली. आधी ठरवल्याप्रमाणे तिने सगळ्यांना विचारले, त्या वर्षी तुम्ही का निघालात. उत्तरे सुंदर होती. एकोणीसचा धडा होता, म्हणाले. संस्थेच्या मॅडमनी शिकवलं होतं. हवामानच बदललंय की आता, पूर्वीचा पाऊस राहिला न्हाय. वरच्या धरणातनं पाणी सोडल्याचा मेसेज आलता. आणि ओढ्यावरच्या पुलाखाली चार फूट मोकळे उरले की निघायचे, हा प्रशिक्षणातला नियम तर पाटीवरच्या पाढ्यासारखा सगळ्यांना पाठ होता. नियम चांगला होता. गावातून बाहेर पडायचा रस्ता एकच, तो ओढ्यावरून जातो, आणि पूल बुडाला की गाव बेट होते. चौथीतल्या मुलीपासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत कोणीही तो न अडखळता सांगत असे.

मग तिने दुसरा प्रश्न विचारला. का ते राहू द्या. किती वाजता निघालात, आणि निघायच्या अगदी आधी काय पाहिलेत? या प्रश्नाला उत्तर द्यायला लोकांना वेळ लागू लागला, आणि ते चिन्ह तिला बरे वाटले. ज्याला आठवावे लागते ते उत्तर तयार केलेले नसते.

शहाण्णव घरांनी वेळ सांगितली. त्यांपैकी अठ्ठ्याऐंशी घरे बावीस जुलैला दुपारी बारा ते तीन या वेळात निघाली होती. धरणाचा मेसेज आला संध्याकाळी सहाला. लोकांनी मोबाइलमध्ये तो जपून ठेवला होता, त्यावर वेळ होती. ग्रामपंचायतीचा शिपाई आकाराम याने भोंग्यावरून पुकारा केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, रिकाम्या गावात. त्याचे त्याला अजून वाईट वाटत असे. आणि त्या दुपारी पुलाखाली चार नव्हे, नऊ फूट मोकळे होते. म्हणजे गावाने सांगितलेली जवळजवळ सगळी कारणे गाव निघून गेल्यावर घडली होती. लोक खोटे बोलत नव्हते. माणूस आधी चालू लागतो आणि का चाललो ते वाटेत शोधतो. पोचेपर्यंत त्याला एखादे चांगलेसे कारण सापडलेले असते.

‘अगदी आधी काय पाहिलेत’ याचे उत्तर मात्र बहुतेकांचे एकच निघाले. शेजारी निघालेला पाहिला. कोणी शेजारी? त्याचे नाव. अपूर्वाने एका मोठ्या कागदावर घरांसाठी ठिपके काढले आणि ज्याने ज्याचे नाव सांगितले त्याच्याकडे बाण काढला. आठ ठिपके सुटे राहिले. एका घरात डायलिसिसचा रुग्ण होता, ते सकाळीच गेले होते. कबनूरला यंत्रमागावर काम करणारा एक जण दुसऱ्या दिवशी पाळी संपवून परत आला तेव्हा ओढ्याच्या अलीकडेच त्याला त्याची बायको, दोन पोरे आणि शेळ्या एका मंगल कार्यालयात सापडल्या होत्या. बाकीचे बाण मात्र ओहोळांसारखे एकत्र येत गेले. एकोणीस बाण दादासो मगदूम यांच्यापाशी थांबत होते. दादासो म्हणजे दूध संस्थेचे अध्यक्ष, साठीचे, चौदा जनावरांचे मालक. गाव त्यांना आण्णा म्हणे. आणि दादासोंचा बाण, आणखी अकरा बाणांबरोबर, खालच्या गल्लीतल्या शालूबाई मान्यांच्या दारात जात होता. शालूबाईंकडून कुठेही बाण जात नव्हता.

शालूबाईंना ती जूनच्या शेवटच्या रविवारी भेटली. त्या दारात बसून लसूण सोलत होत्या. बावीस जुलैला दुपारी बाराला तुम्ही तिन्ही म्हशी घेऊन निघालात, हे खरे का, असे तिने विचारले. खरे होते. का निघालात?

“म्हस याला झालती की,” शालूबाई म्हणाल्या. “गोठा हिकडनं तिकडनं गळाय लागलता. लेक जयसिंगपुरात हाय, तिचा गोठा कोरडा. म्हटलं तिथं नेऊन बांधावी.”

“आणि नदी?”

“नदीचं काय? नदी दरसाल येतीया.”

“मग तिन्ही का नेल्या? व्यायला तर एकच झाली होती.”

शालूबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की शहरातल्या शिक्षणाबद्दलचे त्यांचे मत निराळे सांगावे लागले नाही. एकटी म्हैस रस्त्याला लागत नाही, त्या म्हणाल्या. मागे वळून हंबरत बसते. दोघी पुढे असल्या तर तिसरी मुकाट चालते.

अपूर्वाने शब्दावर विसंबायचे नाही म्हणून जनावरांच्या कानातल्या विम्याच्या बिल्ल्यांची नोंदवही पाहिली. शालूबाईंच्या रेडकाचा जन्म चोवीस जुलै २०२१ चा लिहिलेला होता. मग गावात विचारताना तिला उरलेला दुवा कळला. एकोणीसच्या पुरात बोट दारात आली असताना म्हशी सोडून येत नाही म्हणून दीड दिवस अडून बसलेली बाई ती हीच. साऱ्या गावात शेवटी निघालेली. तीच शालूबाई भर दुपारी तिन्ही म्हशी पुढे घालून वेशीबाहेर चालली आहे, हे ज्याने पाहिले त्याला आणखी काही सांगायची गरज उरली नसावी. एखादी भित्री बाई निघाली असती तर कोणी मान वर करून पाहिले नसते.

“त्या सालाला समदं गाव माझ्या मागनं आलं,” लसूण सोलता सोलता शालूबाई म्हणाल्या होत्या. “मला वाटलं, माझी म्हस बघायला आल्यात.”

शेजारच्या ज्या दोन गावांना तेच प्रशिक्षण, त्याच महिन्यात, त्याच प्रशिक्षक बाईंनी दिले होते, तिथेही अपूर्वा जाऊन आली. दोन्ही गावांना नियम तितकाच पाठ होता. एकवीस साली दोन्ही गावे आपला पूल बुडाल्यावर निघाली होती. त्यांच्याबद्दल आजवर कोणी विचारले नव्हते, कारण त्यांची गोष्ट होत नव्हती.

हे सगळे तिने जुलैच्या पहिल्या आठवड्यात संयोगिताबाईंपुढे मांडले. त्यांनी कागदावरचे बाण बराच वेळ पाहिले. तुमच्या म्हणण्याप्रमाणे गाव काहीच शिकले नाही का, असे त्यांनी विचारले. अपूर्वा म्हणाली, शिकलेही असेल. पण हा पुरावा शिकल्याचा नाही, एका म्हशीच्या बाळंतपणाचा आहे. संयोगिताबाई हसल्या नाहीत. समजा योगायोग असला, त्या म्हणाल्या, तरी लोक वाचले; शिवाय शिकवण्याने कोणाचे नुकसान तर होत नाही. अपूर्वाच्या मते नुकसान होते. गाव आता आपणहून निघेल असे सगळे धरून चालले आहेत, गावसुद्धा. संयोगिताबाईंनी अहवाल ऑगस्टपर्यंत थांबवायला सांगितला. त्यांना विचार करायचा होता, आणि तो त्यांचा हक्क होता.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला तो उघडेना. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या आल्या, कृष्णेला मिळणारी पंचगंगा पात्राबाहेर पडली. गुरुवारी सकाळी अपूर्वाने गोठणवाडीला आकारामला फोन केला. पुलाखाली किती मोकळे आहे? पावणेपाच फूट, तो म्हणाला. कोणी निघाले का? अजून न्हाय. निघतील की, येळ आली की. फोन ठेवल्यावर तिला शालूबाईंच्या दारातली ती दुपार आठवली. त्यांच्यामागे गोठा होता आणि त्यात सरपण रचलेले होते. गुडघे चालेनात म्हणून शालूबाईंनी म्हशी मे महिन्यातच लेकीकडे नेऊन दिल्या होत्या. अपूर्वाने ते वहीत लिहूनही घेतले होते, ‘सध्या जनावरे नाहीत’ या रकान्यात, आणि पान उलटले होते. गाव एका खुणेची वाट पाहत बसले होते, आणि ती खूण जयसिंगपुरात निवांत रवंथ करत होती.

तिने तास बदलून घेतले आणि निघाली. एक वाजता ती ओढ्यावर उतरली तेव्हा पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीप्रमाणे साडेतीन फूट मोकळे होते. ताशी तीन इंचांचा वेग धरला तर पहाटे तीनला पूल जाणार. नियमाची रेघ दोन तासांपूर्वीच बुडाली होती.

गावात गडबड नव्हती. वैरण कापलेली होती, धारा काढायची भांडी पालथी घातलेली होती. तिने चार घरी विचारले. चौघांनी पुलाचा नियम बिनचूक सांगितला. त्यांतल्या दोघांनी, आता साडेतीनच उरलंय मॅडम, असेही सांगितले. मग? बघू की, अजून कोन हललंय? कोणीच हलले नव्हते, कारण सगळे हेच विचारत होते. माहितीचा तुटवडा कुठेच नव्हता. शिकवलेले सगळे डोक्यात होते, आणि पाय जागच्या जागी.

आधी ती शालूबाईंकडे गेली. तिच्या मनात जे होते ते तिला फारसे अभिमानास्पद वाटत नव्हते. शालूबाईंनी बोचके बांधावे आणि गल्लीतून चालत जावे, एवढेच तिला हवे होते. तिने आडवळण घेतले नाही. मागच्या वेळी गाव तुमच्याकडे बघून निघाले, तेव्हा आज तुम्ही निघालात तर बरे होईल, असे सरळ सांगितले. म्हातारीने क्षणभर विचार केला. नकार देण्याचे तिला काही कारण नव्हते.

“जातो की. पन उपेग न्हाय बघ, पोरी. मोकळ्या हातानं निघालो तर म्हणतील, लेकीकडं चालली. म्हशी असत्या तर गोष्ट येगळी.”

हे अपूर्वाच्या कागदात नव्हते, पण बरोबर होते. खूण शालूबाई नव्हत्याच. शालूबाई आणि म्हशी मिळून होती. तिने त्यांना तरीही निघायला सांगितले, आणि स्वतः दूध संस्थेकडे वळली.

संस्थेच्या ओसरीवर दादासो खुर्चीत बसले होते आणि भोवती सहा-सात जण उभे होते. पाण्याचेच बोलणे चालले होते आणि ते तज्ज्ञ बोलणे होते. विसर्ग, फुगवटा, वेग, सगळे शब्द जागच्या जागी. अपूर्वाने पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर पसरला. हे दाखवायचे तिने ठरवले नव्हते. पण दुसरे काही शिल्लक नव्हते.

“ह्ये काय म्हनायचं, मॅडम? वंशावळ?” दादासोंनी विचारले.

“तुम्ही एकवीस साली कोणाला बघून निघालात, त्याचा नकाशा आहे.”

तिने बाण समजावून सांगितले. नावे सांगितली नाहीत. नावे उघड करणार नाही असा शब्द तिने प्रत्येक घराला दिला होता. शालूबाईंनी आपले नाव सांगायला हरकत नाही असे म्हटले होते, म्हणून तेवढे सांगितले, आणि म्हशीचे सांगितले. मागे उभा असलेला एक जण फिस्सकन हसला.

“वंशावळच हाय, आण्णा. म्हशीची.”

“म्हंजे आमी नियमानं न्हवतो निघालो?” दुसऱ्याने विचारले. त्याला ते लागले होते. प्रशिक्षणात त्याला प्रमाणपत्र मिळाले होते आणि ते त्याच्या घरात भिंतीवर होते.

“त्या दिवशी पुलाखाली नऊ फूट होते. नियमाने तुम्ही दुसऱ्या दिवशी निघाला असता.”

दादासोंनी चष्मा लावला आणि ते कागदावर ओणवले. बाण जिथे दाटले होते त्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवले. हे कोण? तुम्ही, अपूर्वा म्हणाली. एकोणीस घरांनी तुमचे नाव सांगितले. त्यांच्या मागे आणखी किती आली ते मोजले तर पन्नासाच्या वर जाते.  कोणती एकोणीस, दादासोंनी विचारले. ते सांगता येणार नाही, ती म्हणाली. मग त्यांनी स्वतःशीच बोटे मोजायला सुरुवात केली, आणि ओसरीवरचे दोघे-तिघे नदीकडे बघू लागले.

“येक सांगा,” दादासो म्हणाले. “पानी येनार का न्हाय?”

अपूर्वाला ठाऊक होते की या क्षणी ‘येणार’ एवढा एकच शब्द पुरेसा आहे. तो खोटाही ठरला नसता कदाचित.

“माहीत नाही. आताचा वेग राहिला तर पहाटे तीनला पूल जाईल. वेग राहील का, ते मला सांगता येत नाही.”

“बघा. शिकल्याली मानसं ही अशी. आमचा जोतिषी बरा, कायतरी येक सांगतोय.”

सगळे हसले. तीही हसली, कारण त्यात तथ्य होते. मग तिने विचारले, “आण्णा, आज तुम्ही कोणाकडे बघताय?”

 त्यांनी रस्त्याकडे पाहिले. शालूबाई काखेत बोचके घेऊन वेशीकडे हळूहळू चालल्या होत्या. लेकीकडं निघाली वाटतं, कोणीतरी म्हणाले, आणि पुन्हा पाण्याविषयी बोलणे सुरू झाले. दादासोंनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“म्हंजे एकोनीस घरं माझ्या दावनीला बांधल्याली हायत म्हना की. आन् मी इथं खुर्चीत.”

ते उठले. घरी जाऊन त्यांनी गड्याला दावी सोडायला सांगितली. पावणेतीनला त्यांची पहिली म्हैस रस्त्यावर आली आणि तिच्यामागे तेरा. बायका सामान ट्रॉलीत टाकत होत्या. अपूर्वा वेशीत मारुतीच्या पारावर वही घेऊन उभी राहिली आणि कोण किती वाजता निघाले ते लिहीत राहिली. त्याचा त्या दिवशी काही उपयोग नव्हता. हाताला दुसरे काम नव्हते. तीन दहा, तीन बारा, तीन चौदा. साडेचारपर्यंत तिने एकशे बावीस घरे लिहिली. उरलेल्यांना आकाराम दारोदार जाऊन बाहेर काढत होता. प्रमाणपत्रवाला तिच्यासमोरून गेला तेव्हा मान ताठ ठेवून म्हणाला, मी नियमाने निघालोय. तिने तसे लिहिले.

पाऊस त्याच संध्याकाळी थांबला. पाण्याचा वेग आधी ताशी दोन इंच झाला, मग एक, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते स्थिर झाले. पुलाखाली एक फूट मोकळे राहिले. पूल बुडाला नाही, गावात पाणी आले नाही. तीन दिवस मंगल कार्यालयात आणि शाळांत काढून गोठणवाडी परत आली.

वर्तमानपत्रात आठ ओळी आल्या: गोठणवाडीने पुन्हा एकदा धडा घालून दिला. संयोगिताबाईंचा फोन आला, आणि त्यांच्या आवाजात विजय नव्हता, सुटका होती. आता तरी शिकले असे लिहिता येईल ना, त्यांनी विचारले. अपूर्वाने अहवालात जे लिहिले ते असे होते की २०२४ साली गाव निघण्याचे कारण मूल्यमापक स्वतः आहे, त्यामुळे हे गाव यापुढे पुरावा म्हणून वापरता येणार नाही. तिने कागदावर स्वतःसाठी एक ठिपका काढला, आणि दादासोंचा बाण त्याच्याकडे वळवला. तिला तो ठिपका आवडला नाही. चाळीस गावांत ती पुरणार नव्हती. संयोगिताबाईंनी अहवाल वाचून दोन दिवसांनी एकच प्रश्न पाठवला: मग प्रत्येक गावात आधी आम्ही काय शोधायचे? तो प्रश्न बरा होता. त्याचे अर्धे उत्तर तिच्याकडे होते. कोणाकडे बघतात ते शोधा. त्या माणसाला काय सांगायचे, हे उरलेले अर्धे होते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती ते विचारायला गोठणवाडीला गेली. जायला तिचे पाय फार उत्सुक नव्हते. संध्याकाळच्या दूध संकलनाची वेळ होती. किटल्या घेऊन वीस-पंचवीस जण रांगेत होते. तिला पाहून रांगेतून आवाज आला की आल्या बघा जोतिषीण बाई. जागा बदलल्याने म्हशी बिथरल्या होत्या, आठवडाभर दूध निम्म्यावर आले होते, एका घरची गाभण म्हैस ट्रॉलीतून उतरताना घसरून लंगडत होती. हे सगळे तिला रांगेनेच ऐकवले, आळीपाळीने, कोणी चिडून, कोणी मजेने. पुढल्या वेळी पाणी उंबऱ्यात आल्याबिगर हलायचं न्हाय, असे एक जण म्हणाला, आणि बऱ्याच जणांनी माना हलवल्या. गाव शिकत होते. फक्त ते काय शिकते यावर कोणाचा ताबा नव्हता.

दादासोंनी तिला आत बोलावले. फॅट मोजायच्या यंत्राशेजारी त्यांनी तिला स्टूल दिले आणि चहा सांगितला. त्यांची स्वतःची लंगडी म्हैस नव्हती, पण दूध त्यांचेही आटले होते, आणि एकोणीस घरांचा राग दारातून त्यांच्याकडेच येत होता. म्हणजे कोणती एकोणीस ते आता त्यांना आपोआप कळले होते, असे ते म्हणाले.

“म्होरल्या पावसाला तुमी येनार का?” त्यांनी विचारले.

“मी येण्यावर ठेवू नका. मी आजारी असेन, नाहीतर परीक्षा असतील. चार फुटांच्या रेघेवर ठेवा. रेघ बुडाली की तुमची चौदा जनावरे निघाली पाहिजेत, कोणी हलो न हलो.”

“आन् पानी न्हाय आलं तर?”

“मागच्या वीस वर्षांचे मी काढलेय. रेघ बुडाली असे सात पावसाळे झाले. त्यात पूल गेला तो तीनदा. चारदा तुम्ही निघाला असतात आणि फुकट गेला असतात. यंदाचा त्यातलाच.”

दादासो आकडा तोंडातल्या तोंडात घोळवत राहिले. सातात चार. एकोणीस साली त्यांची बावीस जनावरे होती. आता चौदा होती. ते गणित त्यांना तिने सांगायची गरज नव्हती, आणि तिने ते सांगितले नाही.

“प्रशिक्षनात ह्ये कुनी बोललं न्हवतं,” ते म्हणाले. “तिथं आसं वाटलं की निघालं म्हंजे पानी येनारच.”

“हो. ते सांगायला हवे होते.”

“मग सांगा की. भायेर हायतच समदी. शाळंत बोलावलं तर चहा पिऊन जातील.”

अपूर्वाने एक अडचण सांगितली. वीस वर्षे म्हणजे फार थोडी वर्षे. शिवाय हवामान बदलते आहे हे खरे असेल, तर पुढची वीस वर्षे मागच्या वीस वर्षांसारखी असतील असे धरता येणार नाही. सातात चारऐवजी ते सातात दोन होईल, किंवा पाच. तिला माहीत नव्हते.

“त्येबी सांगा,” दादासो म्हणाले, आणि यंत्राची वायर काढून ठेवली, म्हणजे रांग आपोआप थांबली.

ती दारात आली. पंचवीस चेहरे, पंचवीस किटल्या. सुरुवात कुठून करायची ते तिने ठरवले नव्हते, म्हणून तिने सगळ्यांत वाईट आकडा आधी सांगितला. रेघ बुडाल्यावर तुम्ही सात वेळा निघालात, तर चार वेळा फुकट निघाल.

“मग घरात बसलेलंच बरं की!” मागून कोणीतरी म्हणाले, आणि रांग मोठ्याने हसली.

दादासो तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी हसणे संपू दिले.

“राहिल्याल्या तीनाचं इच्यारा,” ते म्हणाले. “मी इच्यारलंय. मी निघनार हाय.”

किटली जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला, मग आणखी एका किटलीचा. पुढचा माणूस कोणते तीन, असे विचारत होता. अपूर्वाने वही उघडली आणि २००५ पासून सुरुवात केली.